जुन्या सेस्ना-पायपरचे ब्रेक झिजलेत? कोल्हापुरात बसून बरोबर पार्ट कसा शोधायचा

कोल्हापुरात एखादा पार्ट मिळत नाही असं सांगितलं की आपल्या माणसाला ते पटतच नाही. उद्यमनगरात नमुना घेऊन जा, संध्याकाळपर्यंत तसाच पीस हातात. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत गाड्यांची कास्टिंगं रात्रंदिवस ओतली जातात, त्यामुळं विमानाची झिजलेली ब्रेक डिस्क बघितली की समोरच्याच्या तोंडून पहिलं हेच येतं, "एवढंच ना, लेथवर काढून देतो की". देईल पण, मापालाही बरोबर देईल. तरी ती डिस्क विमानाला लावता येत नाही, कारण विमानाच्या पार्टबरोबर त्याचा कागद लागतो, म्हणजे हा कुणी बनवला, कुठल्या मटेरियलचा, कुणी तपासून सोडला हे सगळं. कागद नसेल तर स्टोअरमध्ये त्याला भंगाराची किंमत.

मी एएमई, म्हणजे विमान दुरुस्तीचा लायसन्सवाला इंजिनीअर आहे, आणि कोल्हापूर, कराड, बारामती, बेळगाव या पट्ट्यात सेस्ना, पायपरसारख्या जुन्या ट्रेनर विमानांच्या ब्रेकबद्दल मला सारखी विचारणा होते, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितोय. यातली कामं लायसन्सवाल्यानं किंवा त्याच्या देखरेखीखालीच करायची आहेत, पण पार्ट शोधणं, विक्रेत्याशी बोलणं, कागद तपासणं हे मालकाला, स्टोअरच्या पोराला आणि नव्या टेक्निशियनलाही जमलं पाहिजे.

आधी बघा, नक्की काय गेलंय

ब्रेक लागत नाही म्हटलं की लोक थेट लायनिंग, म्हणजे डिस्कवर घासणारं अस्तर, मागवतात. थांबा जरा. या छोट्या विमानांत बहुतेक ठिकाणी सिंगल डिस्क आणि फ्लोटिंग कॅलिपर असतो, म्हणजे लायनिंग डिस्कवर दाबणारा कॅलिपर त्याच्या पिनांवर, ज्यांना अँकर बोल्ट म्हणतात त्यांच्यावर, आत-बाहेर सरकला पाहिजे. आपल्याकडं उन्हाळ्यात एप्रनवरची, म्हणजे विमान उभं करायच्या जागेवरची धूळ आणि पावसाळ्यात चिखलपाणी, त्यामुळं त्या पिना जाम होतात आणि मग एका बाजूचं लायनिंग पार संपतं, दुसऱ्या बाजूचं जवळजवळ नवं राहतं. असं एकतर्फी झिजलेलं दिसलं तर नवीन लायनिंग टाकून उपयोग नाही, तेही तसंच जाणार. पिना साफ करा, गंजून खड्डे पडलेत का बघा, कॅलिपर ज्यावर बसतो त्या टॉर्क प्लेटमधली बुशिंग बघा. आणि तिथं ग्रीस थापू नका, ग्रीसवर धूळ बसून चार दिवसात पुन्हा जाम होतं, मॅन्युअलमध्ये जे ड्राय लुब्रिकंट दिलंय तेच वापरा.

पेडल स्पंजी लागतंय म्हणजे बहुतेक वेळा लाइनमध्ये हवा आहे. पेडल धरून ठेवल्यावर हळूहळू खाली जातंय आणि बाहेर कुठं गळती दिसत नाही, तर संशय मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलवर. चाकाच्या आतल्या बाजूला लाल तेल दिसतंय तर कॅलिपरच्या पिस्टनची ओ-रिंग. हे तिन्ही वेगवेगळे दोष, वेगवेगळा खर्च.

आता मापं. ऑरगॅनिक लायनिंगला क्लीव्हलँड या ब्रेकच्या ब्रँडची किमान जाडीची मर्यादा ०.१०० इंच, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या आसपास. सेस्नाच्या जुन्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ३/३२ इंच दिलेलं असतं, म्हणून बरेच जुने मेकॅनिक ३/३२ चा ड्रिल बिट खिशात ठेवतात आणि त्याची दांडी लायनिंगच्या कडेला लावून बघतात. चाक न काढता होणारी ही चेकिंग रोजच्या इन्स्पेक्शनला चांगली, पण ऑर्डर द्यायच्या आधी काढून मोजा. आणि तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच खरा, माझा नाही.

डिस्क मोजताना एक गोष्ट नीट बघा. डिस्कचा जो पट्टा लायनिंगखाली येतो तो झिजतो आणि बाहेरची कड तशीच राहते, त्यामुळं कडेला एक उंचवटा तयार होतो, बोट फिरवलं की लागतो. साध्या सपाट तोंडाच्या मायक्रोमीटरनं मोजलं तर त्याचं तोंड त्या कडेवर बसतं आणि जाडी जास्त दाखवतं, मग संपलेली डिस्क कागदावर पास होते. बॉल किंवा टोकदार अँव्हिलचा मायक्रोमीटर घ्या आणि झिजलेल्या पट्ट्यातच तीन-चार ठिकाणी मोजा. किमान जाडी प्रत्येक डिस्कच्या पार्ट नंबरप्रमाणे वेगळी असते, मॅन्युअलच्या टेबलमध्ये मिळते, बऱ्याच नव्या डिस्कवर ठोकलेलीही असते. एखाददुसरी खाच ०.०३० इंचापर्यंत खोल असेल तर क्लीव्हलँडच्या हिशोबानं तेवढ्यावरून डिस्क टाकायची गरज नाही. पण डिस्क ताटलीसारखी वाकलेली असेल, ज्याला कोनिंग म्हणतात, आणि ते ०.०१५ इंचाच्या पुढं गेलं असेल तर ती बाद. भेग दिसली तर मोजत बसायचंच नाही.

गंजाबद्दल वेगळं सांगतो कारण हे आपलं दुखणं आहे. कोल्हापूरचा पाऊस जूनला लागला की विमान दोन-दोन आठवडे जागचं हलत नाही आणि डिस्क लालभडक होते. वरवरचा गंज पहिल्या टॅक्सीत निघून जातो. पण खड्डे पडले की ती डिस्क कानशीसारखी लायनिंग खाते, मग तुम्ही लायनिंग बदलत राहता आणि दोष लायनिंगला देता. कमी उडणाऱ्या विमानाला क्रोम प्लेटेड डिस्क त्या मॉडेलसाठी कॅटलॉगमध्ये असेल तर तीच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे, महाग पडली तरी.

विमानाचं नाव सोडा, ब्रेकची प्लेट वाचा

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात. "सेस्ना १७२ चं ब्रेक लायनिंग पाहिजे" असं सांगून ऑर्डर देऊ नका. १७२ हे विमान १९५६ पासून बनतंय, मध्ये १९८६ ते १९९६ बंद होतं, आणि जुन्या सेस्नांवर वर्षाप्रमाणे गुडइयर, मॅकॉली, क्लीव्हलँड अशा वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्रेक आलेत. त्यात परत तीस-चाळीस वर्षांत कुणीतरी मूळ ब्रेक काढून दुसरे बसवलेले असतात. पार्ट्स कॅटलॉगमध्ये एक दिसतं, चाकावर दुसरंच.

म्हणून बॅटरी आणि आरसा घेऊन विमानाखाली जा. क्लीव्हलँडच्या कॅलिपरवर छोटी नेमप्लेट असते, तेलानं आणि धुळीनं माखलेली. फडक्यानं हळू पुसा, वायर ब्रशनं घासू नका नाहीतर अक्षरंच जातील. त्यावर असेंब्ली नंबर मिळतो. क्लीव्हलँडची नंबरांची पद्धत एकदा कळली की अर्धं काम सोपं होतं. ३० नं सुरू होणारा नंबर ब्रेक असेंब्लीचा, ४० नं सुरू होणारा चाकाचा, ६६ म्हणजे लायनिंग, १६४ म्हणजे डिस्क, ७५ म्हणजे टॉर्क प्लेट, १० म्हणजे मास्टर सिलिंडर, १०५ म्हणजे रिव्हेट, आणि १९९ म्हणजे कन्व्हर्जन किट. नवीन पद्धतीत हेच नंबर शून्य लावून लांब केलेत, म्हणजे ६६-१०५ हे लायनिंग आता ०६६-१०५०० असं दिसतं. दोन्ही एकच. स्टोअरमध्ये हे माहीत नसल्यामुळं नंबर चुकलाय म्हणून बरोबर आलेला माल परत गेलेला मी बघितलाय.

प्लेटवरचा असेंब्ली नंबर घेऊन पार्कर कंपनीच्या क्लीव्हलँड कॅटलॉगमध्ये जायचं, त्यात त्या असेंब्लीच्या आतले सगळे पार्ट नंबर मिळतात. मग तोच नंबर विमानाच्या पार्ट्स कॅटलॉगशी ताडून बघा, सिरियल नंबरची रेंज बघून. जुळलं तर उत्तम. नाही जुळलं तर लॉगबुक काढा. अमेरिकेतून आलेल्या विमानाच्या रेकॉर्डमध्ये फॉर्म ३३७ असतो, त्यात मोठे बदल आणि एसटीसी, म्हणजे मूळ डिझाइनमधल्या बदलाच्या मान्यतेचे नंबर लिहिलेले असतात. ब्रेक बदलल्याची नोंद सापडली तर त्या एसटीसीबरोबर आलेला पार्ट्सचा कागद हाच तुमचा कॅटलॉग. नोंदच सापडत नसेल तर पार्ट मागवायच्या आधी कॅमोशी, म्हणजे विमानाची उड्डाणयोग्यता सांभाळणाऱ्या संस्थेशी बोला, कारण मग मुद्दा लायनिंगचा राहत नाही, विमानावर बसलेला अख्खा ब्रेक मान्य आहे का हा होतो.

गुडइयरवाल्यांसाठी थोडं. तिथं डिस्क चाकाबरोबर फिरते पण चाकातल्या खाचांत सैल बसलेली असते, क्लिपांवर, आणि लायनिंग गोल टिकलीसारखं. त्या क्लिपा तुटल्या की डिस्क खडखडते आणि खाचा खाते. या सिस्टीमचे पार्ट आता दुर्मिळ झालेत आणि जे मिळतात ते महाग. मॅकॉलीची गतही फार वेगळी नाही. तुमचं विमान अजून बरीच वर्षं उडवायचं असेल तर एक-एक क्लिप शोधत बसण्यापेक्षा क्लीव्हलँडचं कन्व्हर्जन किट बघा, चाकासकट येतं आणि पुढचे पार्ट सहज मिळतात. फक्त हे मॉडिफिकेशन आहे, साधी रिप्लेसमेंट नाही. अमेरिकेची एसटीसी आहे म्हणून इथं आपोआप चालत नाही, डीजीसीए या आपल्या विमान नियामकाकडची प्रक्रिया कॅमोमार्फत आधी करून घ्या आणि मगच किटचे पैसे भरा. ह्या क्रमात गडबड करू नका.

पार्ट कुठं शोधायचा

लायनिंग, रिव्हेट, ओ-रिंग, डिस्क हे चालू माल आहेत. क्लीव्हलँडचे ओरिजिनल मिळतात, आणि रॅपको सारख्या कंपन्यांचे एफएए, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामकाच्या पीएमए मान्यतेचे पार्टही मिळतात, जे बऱ्याचदा स्वस्त असतात. पीएमए म्हणजे डुप्लिकेट नव्हे, तो एफएएनं त्या-त्या मॉडेलसाठी मान्य केलेला पर्यायी पार्ट आहे. रॅपकोचा नंबर ओळखायला सोपा, मूळ नंबरापुढं आरए लावलेलं असतं. पीएमए घेताना तुमचं विमान किंवा तुमची ब्रेक असेंब्ली त्याच्या मान्यतेच्या यादीत आहे का हे बघा आणि तुमच्या क्वालिटी मॅनेजरला चालतंय का हे ऑर्डरच्या आधी विचारा.

नवीन मालासाठी अमेरिकेतले एअरक्राफ्ट स्प्रूस सारखे मोठे विक्रेते आहेत. अगदी जुनी मॉडेल्स असतील, स्टिन्सन, एरकूप, जुने पायपर, तर कोलोरॅडोचं युनिव्हेअर बघा, त्यांच्याकडं काही जुन्या विमानांची टाइप सर्टिफिकेटच, म्हणजे डिझाइनच्या मान्यताच आहेत. पण परदेशात मेल टाकायच्या आधी आपल्याच पट्ट्यातल्या फ्लाइंग स्कूलांना फोन करा. बारामती किंवा बेळगावला ज्यांच्याकडं त्याच मॉडेलचा ताफा आहे त्यांच्या स्टोअरमध्ये लायनिंगचा सेट पडून असतो, आणि कागदासकट ट्रान्सफर करता आला तर महिन्याचं काम दोन दिवसात होतं. त्यांच्याकडून घेताना ओरिजिनल रिलीज सर्टिफिकेटची कॉपी, त्यांच्या स्टोअरची इनवर्ड नोंद आणि किती नग दिले ते लिहिलेला इश्यू व्हाउचर, एवढं तरी घ्याच.

बंद पडलेल्या विमानावरून कॅलिपर काढून लावायचा विचार सगळ्यांनाच येतो. हँगरच्या मागं गवतात उभं असलेलं विमान म्हणजे काही पार्टचं दुकान नाही. त्यावरचा कॅलिपर मान्यताप्राप्त शॉपमध्ये उघडून, तपासून, रीतसर सीए फॉर्म १, म्हणजे तपासून सोडल्याचं आपल्याकडचं सर्टिफिकेट, घेऊन आला तरच वापरता येतो.

एक सावधगिरी. इंटरनेटवर दिसणारे बरेच सुंदर ब्रेक हे होमबिल्ट विमानांसाठी असतात. दिसायला तसेच, बोल्टची भोकंही जुळतात, पण टाइप सर्टिफाइड विमानाला लागत नाहीत.

विक्रेत्याला मेल कसा लिहायचा

नुसतं "किंमत कळवा" लिहिलं तर उत्तरही तसंच येतं. विमानाचं मेक, मॉडेल, सिरियल नंबर लिहा. ब्रेक असेंब्ली नंबर लिहा आणि नेमप्लेटचा फोटो जोडा. पार्ट नंबर आणि नग लिहा. नग मोजताना साध्या सिंगल पिस्टन कॅलिपरला एका चाकाला दोन लायनिंग, म्हणजे विमानाला चार, आणि रिव्हेट लायनिंगवरची भोकं मोजून, वर चार-पाच जास्त, कारण बसवताना एखादा फाटतोच. मग कंडिशन स्पष्ट लिहा. विक्रेत्यांच्या भाषेत एनई म्हणजे नवीन, एनएस म्हणजे जुन्या साठ्यातलं पण न वापरलेलं, ओएच म्हणजे ओव्हरहॉल केलेलं, एसव्ही म्हणजे सर्व्हिसेबल, आणि एआर म्हणजे जसं काढलं तसं. एआर स्वस्त दिसतं, घेऊ नका, ते इथं उघडून पास करून घेण्यात नव्याचे पैसे जातात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य, एफएए फॉर्म ८१३०-३ (पार्ट तपासून सोडल्याचं सर्टिफिकेट) सकट पाहिजे. हे ऑर्डरमध्येच लिहा. काही विक्रेते त्याचे वेगळे पैसे लावतात, द्या. माल निघाल्यावर मागितला तर बऱ्याचदा मिळत नाही. माझ्याकडं एकदा एका विक्रेत्यानं फोनवर हो म्हणून नुसतं कन्फर्मिटीचं पत्र लावून डिस्क पाठवल्या, माल अस्सल होता, पण त्या डिस्क क्वारंटाइनच्या कपाटातच राहिल्या आणि विमान एप्रनवर. फोनवरचं हो धरू नका, कोटेशनवर छापून घ्या.

कस्टम आणि टॅक्स

इनव्हॉइसवर फक्त "ब्रेक पॅड" लिहिलेलं असलं की घोळ होतो. विमानाच्या पार्टचं हेडिंग २०२२ पासून ८८०७ आहे, पूर्वी ८८०३ होतं, जुन्या इनव्हॉइसची कॉपी मारणारे विक्रेते अजून तेच लिहितात. त्यात सुटं लायनिंग म्हणजे फ्रिक्शन मटेरियल, त्याचं वेगळं हेडिंग ६८१३ आहे, त्यामुळं डिस्क एकात आणि लायनिंग दुसऱ्यात जाऊ शकतं. १५ जुलै २०२४ पासून विमानाच्या पार्ट्सवर, हेडिंग कुठलंही असो, ठरलेल्या अटींसह ५ टक्के आयजीएसटी लागू झाला. पण तो पार्ट विमानाचाच आहे हे कागदावर दिसायला पाहिजे. इनव्हॉइसवर पार्ट नंबर, विमानाचं मॉडेल आणि एअरक्राफ्ट हा शब्द येईल असं बघा, आणि मुंबईचा क्लिअरिंग एजंट विमानाचे पार्ट सोडवलेला असावा, नुसता ओळखीचा नको.

हायड्रॉलिक ऑइल बाहेरून मागवू नका, देशातच घ्या.

माल हातात आल्यावर

खोका उघडायच्या आधी कागद बघा. ८१३०-३ मध्ये ८ नंबरच्या रकान्यात पार्ट नंबर, ९ मध्ये नग, १० मध्ये सिरियल किंवा बॅच, ११ मध्ये स्थिती, नवीन की ओव्हरहॉल की रिपेअर. १२ मध्ये शेरा असतो, तो कुणी वाचत नाही, तुम्ही वाचा, कारण अटी तिथंच लिहिलेल्या असतात. नवीन मालावर डाव्या बाजूचा १३ चा भाग सही केलेला असतो, रिपेअर किंवा ओव्हरहॉलवर उजवीकडचा १४ चा. नवीन म्हणून घेतला आणि सही १४ मध्ये आहे तर लगेच विचारा. युरोपातून आला तर तिथल्या नियामकाचा, ईएएसएचा फॉर्म १ असतो.

ओ-रिंगच्या पाकिटावर क्युअर डेट, म्हणजे रबर तयार झाल्याची तारीख असते, तिमाही आणि वर्ष. नायट्राइल रबरला एसएई एआरपी ५३१६ प्रमाणे साठवणुकीची मर्यादा १५ वर्षं. त्यामुळं कुणी कौतुकानं जुन्या साठ्यातलं सीलबंद कॅलिपर किट दिलं तर धातूचे पार्ट ठेवा, रबर टाकून द्या. तसंच फार जुनं लायनिंग मिळालं तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं, फुकट मिळालं तरी नको. विमानावरचं जुनं लायनिंग काढतानाही कॉम्प्रेसरची हवा मारू नका आणि मास्क लावा, ती धूळ छातीत जाते.

तेल म्हणजे लाल मिनरल ऑइल, मिल-एच-५६०६ किंवा नवीन नावानं मिल-पीआरएफ-५६०६, एरोशेल फ्लुइड ४१ त्यातलंच. गाडीचं डॉट ३ कधीही ओतू नका. ते ग्लायकॉलचं असतं, नायट्राइलच्या सील त्यात फुगतात आणि ब्रेक जाम होतो. आणि उलट, गाडीच्या दुकानातली ओ-रिंग मापाला बसली तरी ती ईपीडीएमची असेल तर लाल तेलात फुगते.

मग उद्यमनगराचं काय

उपयोग आहे आणि मोठा आहे, पण जमिनीवर राहणाऱ्या वस्तूंसाठी. रिव्हेट पाडायचा पंच आणि त्याचं अँव्हिल, चाक काढायचं स्टँड, ब्लीडिंगच्या भांड्याचा अडॅप्टर, हे आपले कारागीर बाहेरच्यापेक्षा सरस करतात. मी पंच तिथूनच करून घेतलाय आणि रिव्हेटची कॉलर त्यानं एकसारखी गोल वळते, फाटत नाही. मायक्रोमीटर वर्षाला एनएबीएल लॅबमधून कॅलिब्रेट करून आणा. पण डिस्क, पिस्टन, होज आणि ट्रकचे ब्रेक शू रिलायनिंग करणाऱ्याकडून कापून आणलेलं लायनिंग, हे नाही म्हणजे नाही. सर्टिफाइड ब्रेक किती ऊर्जा पचवू शकतो याची टेस्ट एफएएच्या टीएसओ-सी२६ या मानकाप्रमाणे झालेली असते, ठरलेल्या लायनिंग आणि ठरलेल्या डिस्कच्या जोडीवर. त्यातलं एक बदललं की ती टेस्ट तुमच्या विमानाची राहिली नाही, आणि छोट्या रनवेवर रिजेक्टेड टेकऑफ घेणारा, म्हणजे उड्डाण मध्येच सोडून विमान थांबवणारा शिकाऊ पोरगा त्या टेस्टवरच विसंबून असतो. अमेरिकेत मालकानं स्वतःच्या विमानासाठी पार्ट बनवायची एक सोय नियमात आहे, तिचे दाखले इथं देऊ नका.

बसवल्यावर लगेच उडू नका

रिव्हेट झाल्यावर लायनिंग प्लेटला पूर्ण चिकटलंय का, हलतंय का, कॉलरला भेग आहे का बघा. मग बेडिंग, म्हणजे नवीन लायनिंग तापवून डिस्कवर बसवणं. नॉन-अॅस्बेस्टॉस ऑरगॅनिक लायनिंगला क्लीव्हलँडची पद्धत अशी, इंजिन १७०० आरपीएमला ठेवून साधारण १५०० फूट टॅक्सी करायची, ब्रेक दाबून वेग ताशी ५ ते १० मैलांत धरायचा, नंतर १० ते १५ मिनिटं थंड होऊ द्यायचं, आणि मग ब्रेक दाबून हाय स्टॅटिक थ्रॉटलला, म्हणजे उभ्या उभ्या इंजिनचा जोर वाढवून, विमान धरतंय का बघायचं. मेटॅलिक लायनिंगला वेगळं, ३० ते ३५ नॉट्सवरून लागोपाठ दोनदा पूर्ण थांबवायचं. उजळाईवाडीसारख्या शेड्युल्ड विमानं येणाऱ्या विमानतळावर हे करायचं तर टॉवरशी आधी बोलून मोकळी वेळ घ्या, मध्येच घाईनं टॅक्सीवे सोडावा लागला तर थंड व्हायचा वेळ मिळत नाही आणि लायनिंग अर्धवट भाजतं.

लॉगबुकमध्ये पार्ट नंबर, बॅच, ८१३०-३ चा ट्रॅकिंग नंबर आणि बेडिंग केल्याची नोंद करा, कॉपी फाइलला लावा. आणि दरवर्षी एप्रिल संपायच्या आत लायनिंगचा एक सेट, रिव्हेट, दोन्ही कॅलिपरच्या ओ-रिंग आणि जमलं तर एक डिस्क कागदासकट स्टोअरमध्ये येईल अशा हिशोबानं फेब्रुवारीतच ऑर्डर टाका.